हातमोज्याला पडलेलं भोक : गोल्फचा स्विंग मुळापासून शिकताना

परवा, २१ सप्टेंबरला, माझं गोल्फचं हँडिकॅप कार्ड हातात आलं. मैदानासाठी ठरलेल्या फटक्यांपेक्षा आपल्याला साधारण किती जास्त लागतात, ते हँडिकॅप सांगतं. त्यावर ४२.५ असा आकडा आहे. मुरलेल्या खेळाडूंना त्यात काही विशेष वाटणार नाही आणि जानेवारीत तो मला कुणी दाखवला असता तर मला त्याचा अर्थही कळला नसता. हे आठ महिने कसे गेले ते लिहून ठेवतेय, कारण सुरुवातीला मला नेमकं असंच काहीतरी वाचायला हवं होतं. चांगला स्विंग, म्हणजे दांडा फिरवून चेंडू मारण्याची पूर्ण हालचाल, कसा दिसतो हे सगळीकडे सापडतं. तो शिकताना मधल्या काळात काय काय होतं, ते फारसं कुणी सांगत नाही.

मी उजव्या हाताने खेळते. डावखुऱ्यांनी डावं-उजवं उलटं करून वाचावं.

७ जानेवारीला पहिल्यांदा ड्रायव्हिंग रेंजवर, म्हणजे चेंडू मारायच्या सरावाच्या जागी, गेले. काउंटरवर एक फॉर्म भरून घेतला : नाव, वय, पाठीचा किंवा खांद्याचा जुना त्रास आहे का, आणि इजा झाल्यास जबाबदारी माझी. सात नंबरची आयर्न, म्हणजे धातूच्या पात्याचा क्लब (चेंडू मारायचा दांडा), भाड्याने मिळाली, त्यासाठी ओळखपत्र ठेवावं लागलं. हातमोजा मात्र स्वतःचा लागतो, तो तिथेच विकत घेतला. डाव्या हाताचा एकच असतो, जोडी नसते. मग शंभर चेंडूंची एक बकेट घेऊन मी मॅटवर उभी राहिले.

त्या दिवशी शंभरातले साठेक चेंडू जमिनीवरून घरंगळत गेले. जे उडाले ते सुरुवातीला सरळ वाटायचे आणि मग उजवीकडे मोठी कमान काढून पडायचे. त्याला स्लाइस म्हणतात, हे शेजारच्या मॅटवरच्या गृहस्थांनी सांगितलं. "डोकं खाली ठेवा, चेंडूवरची नजर हलवू नका," हेही त्यांनीच सांगितलं. पुढच्या दोन आठवड्यांत हा सल्ला मला निदान सहा जणांनी दिला. सगळ्यांनी मनापासून दिला आणि मी तो मनापासून पाळला. हनुवटी छातीला टेकवून, मान ताठ धरून मी चेंडू मारत राहिले.

लहानपणी दादाबरोबर भरपूर क्रिकेट खेळल्यामुळे चेंडूला बॅट लागते, हा विश्वास होता. त्याच विश्वासावर १७ दिवसांत १२ बकेट संपवल्या, म्हणजे बाराशे चेंडू. बाराव्या बकेटच्या शेवटी डाव्या बरगड्यांत कळ आली. रात्री कुशीवर वळता येईना. डॉक्टरांनी तपासून बरगड्यांमधला स्नायू ताणल्याचं सांगितलं आणि १५ दिवस क्लबला हात लावायचा नाही, असं बजावलं. नवशिक्यांच्या बरगड्यांना असा त्रास बरेचदा होतो, कधी कधी हाडाला बारीक चीरही जाते, असं त्यांनी सांगितलं तेव्हा मी खरंच घाबरले. सुरुवातीला दिवसाला ४०-५० चेंडू पुष्कळ झाले, आणि दोन दिवसांत एक दिवस सुट्टी हवी. हे मला कुणी ७ जानेवारीलाच सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं.

विश्रांतीच्या काळातच कोचचं ठरवलं. २७ जानेवारीला नाव नोंदवलं, पहिली मोकळी वेळ १५ फेब्रुवारीची मिळाली. म्हणजे १९ दिवस वाट पाहायची. सहा धड्यांचं पॅकेज सुटे धडे घेण्यापेक्षा स्वस्त पडत होतं, पण पैसे आगाऊ भरायचे होते आणि पहिल्या धड्यापासून तीन महिन्यांत सगळे धडे संपवायचे होते. मी सही केली. फॉर्मची मागची बाजू वाचली नाही. त्याचं पुढे सांगते.

१५ फेब्रुवारीच्या पहिल्या धड्यात सरांनी क्लब हातात घ्यायच्या आधी विचारलं, "हातमोजा दाखवता?"

मी काढून दिला. त्यांनी तो उलटा करून टेबलावर पसरला. तळव्याच्या खालच्या बाजूला, करंगळीकडच्या मांसल उंचवट्यावर एक भोक पडलं होतं. मला वाटलं, आता म्हणतील की नवा घ्या. ते म्हणाले, "हे भोक तुमचा सगळा स्विंग सांगतंय. क्लब तुमच्या तळहातात आहे, बोटांत नाही. दर वेळी तो हातात फिरतो आणि तिथे घासतो."

मग पुढची चाळीस मिनिटं आम्ही एकही चेंडू मारला नाही. डाव्या हाताची ग्रिप अशी : क्लबची मूठ करंगळीच्या मुळापासून तर्जनीच्या मधल्या पेरापर्यंत तिरकी, बोटांवर येते. मग तळव्याचा तो मांसल भाग तिच्यावर झाकणासारखा बसतो. वरून पाहिलं की डाव्या हाताच्या बोटांच्या मुळाशी असलेले हाडांचे दोन, फार तर अडीच, उंचवटे दिसले पाहिजेत. माझा जेमतेम एक दिसायचा. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये जी खाच होते तिचं टोक उजव्या खांद्याकडे रोखलेलं हवं. उजवा हातही बोटांनीच धरतो, आणि त्याच्या तळव्यावरच्या आयुष्यरेषेखाली डावा अंगठा झाकला जातो.

दोन्ही हात जोडायचे कसे, यात तीन पर्याय असतात. उजवी करंगळी डाव्या तर्जनी आणि मधल्या बोटाच्या खाचेत वर ठेवायची, याला वार्डन ग्रिप म्हणतात. हॅरी वार्डन यांनी ब्रिटनची ओपन स्पर्धा सहा वेळा जिंकली, आणि ही ग्रिप त्यांच्या आधीही काही जण वापरत असले तरी नाव त्यांचं लागलं. दुसरा प्रकार म्हणजे करंगळी आणि तर्जनी एकमेकींत अडकवणं. जॅक निकलॉस आणि टायगर वूड्स दोघेही असंच धरतात. तिसऱ्यात दहाही बोटं मुठीवर. माझी बोटं आखूड आहेत, म्हणून मी अडकवण्याचा प्रकार घेतला. त्यात उजव्या करंगळीला अंगठी असेल तर ती रुतते, काढून ठेवा.

घट्टपणाबद्दल सरांनी सांगितलं की दहापैकी चार. पाखरू उडून जाऊ नये, पण गुदमरूही नये, इतकंच. मी आठावर होते. ताठ मुठीमुळे मनगटं ताठ, त्यांच्यामुळे कोपर आणि खांदे ताठ. मग शरीर वळायचं राहतं आणि सगळा ताण बरगड्यांवर येतो. बरगडीच्या दुखण्याचं मूळ मुठीत असू शकतं, हे ऐकून मी बराच वेळ माझ्या हातांकडे बघत राहिले.

पुढचे १४ दिवस गृहपाठ एकच. क्लब दाराशी उभा करून ठेवायचा, आणि जाता-येता उचलून नीट ग्रिप करायची, सोडायची, पुन्हा करायची. दिवसाला २० वेळा. हातमोज्यावर बोटांच्या मुळाशी मी स्केचपेनने तिरकी रेघ मारली होती. क्लब त्या रेघेवर आला की बरोबर. ही युक्ती अगदी साधी आहे आणि मला सगळ्यात जास्त तिचाच उपयोग झाला. नवी ग्रिप पहिल्या आठवड्यात इतकी परकी वाटायची की डाव्या हाताने सही करत असल्यासारखं व्हायचं. रेंजवर चेंडू आता डावीकडे जायला लागले. आधी उजवीकडे जात होते, आता डावीकडे, म्हणजे पैसे देऊन मी एका चुकीच्या बदल्यात दुसरी चूक घेतली असं वाटून रडू यायच्या बेतात होते. सरांना फोन केला. ते खूष झाले. "फेस, म्हणजे क्लबची चेंडूला लागणारी सपाट बाजू, पहिल्यांदाच बंद होतोय, डावीकडे वळतोय. मनगटं अजून जुन्या ग्रिपला सांभाळून घ्यायच्या सवयीत आहेत. त्यांना वेळ द्या."

सांभाळून घ्यायच्या सवयीत. हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं. त्याचा पूर्ण अर्थ दुसऱ्या धड्यात कळला.

१ मार्च. सरांनी मला शंभर मीटरवरच्या झेंड्याचा नेम धरून उभं राहायला सांगितलं. मी उभी राहिल्यावर त्यांनी माझ्या चवड्यांना लागून जमिनीवर एक काठी ठेवली आणि मला मागे येऊन बघायला लावलं. काठी झेंड्याच्या बरीच उजवीकडे रोखलेली होती, साधारण आठ अंश. आठ अंश म्हणजे शंभर मीटरवर १४ मीटर. आणि मला तर शपथेवर वाटत होतं की मी सरळ उभी आहे.

इथे बहुतेक सगळे फसतात, म्हणून जरा थांबून सांगते. चेंडू आपल्यासमोर असतो, पायाखाली नसतो. चेंडूपासून झेंड्यापर्यंतची रेघ हा रेल्वेचा एक रूळ आणि आपले पाय दुसऱ्या रुळावर. दोन्ही रूळ समांतर हवेत, म्हणजे आपले पाय, गुडघे, कंबर, खांदे झेंड्याच्या किंचित डावीकडे रोखलेले असतात. आपण मात्र शरीरच झेंड्याकडे रोखतो आणि दोन रूळ पुढे जाऊन एकमेकांना छेदतात.

आता माझ्या स्लाइसची गोष्ट. उजवीकडे रोखून उभी राहिल्यावर शरीराला कुठेतरी आत कळत असतं की झेंडा डावीकडे आहे. मग खाली येताना उजवा खांदा पुढे उसळतो आणि क्लबला बाहेरून आत, डावीकडे, ओढतो. क्लब डावीकडे चाललाय, पण कमजोर ग्रिपमुळे (तीच, एकच उंचवटा दिसणारी) फेस उघडा, म्हणजे उजवीकडे वळलेला. अशा वेळी चेंडू उजवीकडे फिरतो. पूर्वी असं शिकवलं जायचं की चेंडू क्लबच्या वाटेने निघतो आणि मग फेसच्या दिशेला वळतो. रडारवर मोजायला लागल्यावर कळलं की चेंडू निघतो तो मुख्यतः फेसच्या दिशेने, आणि वळतो ते फेस आणि क्लबची वाट यांच्यातल्या फरकामुळे. हे समजलं की स्वतःच्या चेंडूकडे बघून बरंचसं निदान आपलं आपण करता येतं. निघाला कुठे, ते फेस सांगतो. वळला कुठे, ते वाट सांगते.

महिनाभर मी त्या उजव्या खांद्यावर चिडलेली होते. त्याला मागे ठेवायचा, दाबून धरायचा प्रयत्न करत होते. आणि तो बिचारा माझ्या चुकीच्या उभं राहण्याची भरपाई करत होता, चेंडू झेंड्याकडे नेण्यासाठी त्याला सुचेल ते करत होता. सरांनी माझे पाय वळवले, काठी सरळ केली, आणि खांद्याबद्दल एक शब्दही न बोलता दहा चेंडू मारायला दिले. त्यातले चार जवळजवळ सरळ गेले.

त्याच धड्यात उभं राहण्याची ढबही झाली. वाकायचं ते खुब्यातून, पाठीतून नाही. भिंतीपासून चार बोटं पुढे टाचा ठेवून उभं राहा आणि खुब्यातून वाका. बैठक मागे जाऊन भिंतीला टेकली तर बरोबर. पाठ गोल होऊन डोकंच पुढे आलं तर चूक. गुडघे नावाला सैल, वजन पावलाच्या मधोमध. हात खांद्यांतून सरळ खाली लोंबू द्यायचे, क्लबची मूठ आणि मांडी यांत एका मुठीचं अंतर. उजवा हात क्लबवर खाली असल्यामुळे उजवा खांदाही थोडा खाली येतो, येऊ द्यावा. आणि डोकं खाली ठेवण्याबद्दल : हनुवटी छातीला टेकली की तिच्याखालून डावा खांदा वळायला जागाच उरत नाही. माझे चेंडू घरंगळायचे ते डोकं उचलल्यामुळे नाही, वळता न आल्याने हात आखडून घेतल्यामुळे आणि मधेच उभी राहिल्यामुळे. शेजारच्या गृहस्थांनी चांगल्या मनानेच सांगितलं होतं, पण चेंडू चुकला की डोकं वर झालेलं दिसतं, म्हणून तेच कारण वाटतं.

तिसरा धडा १५ मार्चला. अर्धा स्विंग : घड्याळाच्या नऊपासून तीनपर्यंतच हात न्यायचे. दोन्ही काखांत एक पंचा आडवा धरायचा आणि तो पडू न देता चेंडू मारायचा. हात एकटेच पळाले की पंचा पडतो. छाती वळली की राहतो. मला क्रिकेटमुळे खालच्या हाताने फटकावायची सवय होती, ती इथे सुटायला लागली. अर्ध्या स्विंगने चेंडू माझ्या पूर्ण ताकदीच्या स्विंगपेक्षा जेमतेम १५-२० मीटर कमी जात होता, आणि पुष्कळ सरळ. तीन आठवडे मी फक्त हेच केलं. आजूबाजूला सगळे ड्रायव्हर, म्हणजे लांब फटक्याचा मोठा क्लब, उगारत असताना अर्धाच स्विंग करत राहणं मनाला जड जातं, पण करा.

चौथा धडा झालाच नाही. २९ मार्चला ऑफिसचं काम निघालं, मी आदल्या दिवशी फोन केला. काउंटरवरच्या मुलीने नम्रपणे सांगितलं की २४ तासांच्या आत रद्द केलेला धडा झाला असं धरतात. माझा फोन २२ तास आधीचा होता. नियम फॉर्मच्या मागच्या बाजूला छापलेला होता. पैसे गेले, धडा गेला, आणि मला खूप वाईट वाटलं. सही करण्यापूर्वी तीन गोष्टी विचारा : रद्द करण्याची मुदत, आजारपणात पॅकेजची तारीख वाढते का, आणि पाऊस आला तर काय.

पुढची तारीख तीन आठवड्यांनी मिळाली. त्या मधल्या काळात मी व्हिडिओ बघून आपल्या आपण भर घालायला गेले. डावा हात काठीसारखा ताठ ठेवायचा, मनगट असं, गुडघा तसा. एका वेळी पाच गोष्टी डोक्यात. दहा दिवसांत चेंडू पुन्हा घरंगळायला लागले आणि उजव्या कोपराची आतली बाजू दुखायला लागली. रेंजच्या मॅटमुळेही हे होतं. मॅटखाली बहुतेक ठिकाणी काँक्रीट असतं, आणि क्लब चेंडूच्या मागे आपटला तरी मॅटवरून घसरून चेंडूपर्यंत पोचतो. फटका बरा बसल्यासारखा वाटतो, धक्का मात्र कोपराला बसतो.

म्हणून १९ एप्रिलचा धडा सरांनी गवतावर घेतला. त्यांनी आधी माझी वही मागितली, पाच नोंदींपैकी चारांवर रेघ मारली. एका वेळी एकच. मग रंगाच्या डब्याने गवतावर एक सरळ रेघ ओढली. चेंडू नाहीच. रेघ म्हणजे चेंडू समजायचं, तिच्यावर उभं राहून स्विंग करायचा आणि माती कुठे उडते ते बघायचं. आयर्नने क्लब खाली येत असतानाच चेंडूला लागतो आणि जमिनीला स्पर्श त्यानंतर, चेंडूच्या पुढे होतो. मी मात्र चेंडूला खालून उचलायला जात होते, जणू तो आपण उडवला नाही तर उडणारच नाही. सात नंबरच्या फेसला तीस-बत्तीस अंशांची तिरीप असते, उडवायचं काम तिचं आहे. पहिल्या २० स्विंगांत माती रेघेच्या पुढे फक्त तीन वेळा उडाली. वजन उजव्या पायावरच राहत होतं. सरांनी सुरुवातीलाच थोडं जास्त वजन डाव्या पायावर ठेवायला लावलं, आणि शेवटी छातीचं बटण झेंड्याकडे. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात २० पैकी १३ झाले. वही बघून सांगतेय.

चेंडू फेसवर कुठे लागतो हे बघायला पुसता येणाऱ्या मार्करने फेस रंगवायचा. चेंडू लागेल तिथला रंग निघून जातो. माझा ठिपका टाचेकडे, म्हणजे दांड्याच्या बाजूला असायचा. कारण पुन्हा उभं राहण्यातच : वजन चवड्यांवर होतं, खाली येताना मी चेंडूकडे झुकत होते. दर वेळी असंच झालं. हवेतली चूक शोधायला गेलो की ती जमिनीवर सापडायची.

१० मे, शेवटचा धडा. ताल आणि ड्रायव्हर. चांगल्या खेळाडूंचा क्लब मागे जायला जितका वेळ लागतो त्याच्या साधारण एक तृतीयांश वेळात तो खाली चेंडूपर्यंत येतो. सरांनी "एक-दोन-तीन" म्हणत मागे आणि "चार"ला चेंडू असं मोजायला लावलं, आणि शेवटी तोल सांभाळून तीन सेकंद तसंच उभं राहायला. उभं राहता आलं नाही तर तो फटका जोराचा होता, चांगला नव्हता. चेंडू क्लबच्या फेसवर सेकंदाच्या साधारण दोन हजाराव्या भागाइतकाच असतो. तेवढ्यात काहीही दुरुस्त करता येत नाही, म्हणून आधीच सगळं नीट करून ठेवायचं. ड्रायव्हरला चेंडू डाव्या टाचेच्या आतल्या रेषेत, टीवर (चेंडू ठेवायच्या छोट्या खुंटीवर) उंच, पाय थोडे अधिक रुंद. बाकी ग्रिप तीच, काठी तीच.

मैदानावर जायला परवाना लागत होता. परीक्षा महिन्यातून एकदाच, आणि अर्जावर कोचची सही व दोन फोटो हवे होते. माझा एक फोटो जुना म्हणून मे महिन्यात अर्ज परत आला. २१ जूनला परीक्षा झाली. २५ लेखी प्रश्न : पिशवीत जास्तीत जास्त १४ क्लब, हरवलेला चेंडू शोधायला तीन मिनिटं, ड्रॉप, म्हणजे चेंडू हाताने खाली सोडणं, गुडघ्याच्या उंचीवरून, उडालेली माती परत बसवणं, ग्रीनवरचा, म्हणजे झेंड्याभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावरचा, खळगा भरणं, कुणाच्या दिशेने चेंडू गेला की मोठ्याने "फोर" ओरडणं. मग तीन होल प्रत्यक्ष. पास झाले. एक गोष्ट अभ्यासातच कळली : फटका मारताना नेमासाठी काठी किंवा क्लब जमिनीवर ठेवायला नियमात मनाई आहे. निकलॉस चेंडूच्या थोडं पुढे, नेमाच्या रेषेत एखादा डाग किंवा पान हेरून त्याच्यावर फेस रोखत. मी तेच करते. आधी फेस रोखायचा, मग पाय.

२९ जूनला पहिले नऊ होल खेळले, ६७ फटके. पहिल्या टीवर, म्हणजे होल सुरू होतं त्या जागी, मूठ पुन्हा आठावर गेली होती, हे मला तिसऱ्या होलवर जाणवलं. सहाव्या होलवर सात नंबरने मारलेला चेंडू ग्रीनवर जाऊन थांबला, तेव्हा बरोबर खेळणाऱ्या काकांनी टाळी वाजवली आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

हँडिकॅपसाठी ५४ होलची कार्डं द्यावी लागतात, नऊ-नऊची असोत की अठराची. प्रत्येक कार्डावर बरोबरच्या खेळाडूची सही हवी, ती मैदान सोडण्याआधीच घ्या. मला एका सहीसाठी आठवडाभर माणूस शोधावा लागला. हँडिकॅप मिळेपर्यंत एका होलला पारपेक्षा, म्हणजे त्या होलसाठी ठरलेल्या फटक्यांपेक्षा, जास्तीत जास्त पाचच फटके जास्त धरतात, त्यामुळे एखादं होल साफ बिघडलं तरी कार्ड फाडू नका. माझे तीन राउंड ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये झाले, सगळ्यात चांगला ११७. फटके आणि मैदानाचा अवघडपणा यांवरून प्रत्येक राउंडचा एक आकडा काढतात, आणि तीन राउंडांतल्या सर्वांत कमी निघालेल्या आकड्यातून दोन वजा करून पहिलं हँडिकॅप ठरतं. कार्ड यायला नऊ दिवस लागले.

कालच्या रविवारी रेंजवर ड्रायव्हर पुन्हा उजवीकडे वळायला लागला. दहा-बारा चेंडू तसेच गेले. उजवा खांदा पुढे येतोय हे कळत होतं. मी क्लब खाली ठेवला, हातमोजा काढून तळवा बघितला. ठीक होता, भोक नाही, बोटांच्या मुळाशी तेवढा मळकट झालाय. मग पिशवीतून काठी काढून चवड्यांना लावली आणि मागे जाऊन पाहिलं. चार-पाच अंश उजवीकडे. पाय सरकवले, आणि पुन्हा चेंडूसमोर उभी राहिले.